संध्याकाळची खिडकी सुरू करायचीय, स्टाफला आधी विचारायचं का?

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत कार्यालय अधीक्षक आहे. नोकरी-मजुरी करणाऱ्यांना दिवसा दाखले काढायला, घरपट्टी भरायला जमत नाही, म्हणून सुविधा केंद्र दोन पाळ्यांत सकाळी ८ ते रात्री ८ चालवायचं, तीन महिने ट्रायल, असं आमच्या साहेबांच्या मनात आहे. मलाही कल्पना आवडलीय. पण साहेब म्हणतात सरळ आदेश काढा, विचारत बसलो तर संघटना मोडता घालेल. मला ते पटत नाहीये. काय करू?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : विचारा हो, आणि आदेश टाइप व्हायच्या आधी विचारा. आदेश निघाल्यावरच्या मीटिंगला लोक येतात, सही करतात, चहा पितात आणि गप्प बसतात, कारण सगळं ठरलंय हे त्यांना कळलेलं असतं.

मी नोकरीत असताना एका ऑफिसात शनिवारची खिडकी सुरू केली होती, हेतू तुमच्या साहेबांसारखाच चांगला. कुणाला विचारलं नाही. एक आजोबा जुन्या जन्मनोंदीच्या उताऱ्यासाठी आले, खिडकीवरच्या मुलीकडे कॉम्प्युटर होता पण ते रजिस्टर रेकॉर्ड रूममध्ये आणि रेकॉर्ड रूमची किल्ली रेकॉर्डकीपरकडे, त्याला शनिवारी सुट्टी. आजोबा तीन शनिवार एसटीने आले आणि तीनदा परत गेले. आमच्या शिपाई मामांना हे आदेश निघाला त्याच दिवशी कळलं होतं, पण मामांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्याकडे पण अशी गाठ कुठेतरी असणारच. संध्याकाळी ७ ला कुणी घरपट्टी रोख भरली तर बँक बंद, मग ती रोकड रात्रभर कुठे राहणार, तिजोरीची किल्ली कोणाकडे, कॅशियर एकच असेल तर तो कुठल्या पाळीत? गावाहून येणाऱ्या बाईंची शेवटची एसटी किती वाजता? हे साहेबांच्या केबिनमधून दिसत नाही.

न विचारता केलं की काय होतं ते आपण मोठ्या प्रमाणावर बघितलंय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, कारण फोन २ जीबी रॅमचे, सारखे हँग व्हायचे, तापायचे, आणि वर पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरायची. आधी चार-दोन सेविकांच्या हातात फोन देऊन महिनाभर वापरायला लावले असते तर हे तिथेच कळलं असतं. त्या बायका कामचुकार नव्हत्या, त्यांना काम करायचं होतं म्हणूनच त्या चिडल्या.

संघटनेची भीती मला समजते. पण पाच दिवसांचा आठवडा ही संघटनांचीच जुनी मागणी होती, तो राज्य सरकारी कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला तेव्हा रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली आणि शिपायांची साडेनऊ ते साडेसहा, म्हणजे रोजचं काम वाढलं तरी लोकांनी ते घेतलं. आणि केंद्र सरकारात तर कर्मचाऱ्यांशी बोलायची संयुक्त सल्लागार यंत्रणा १९६६ पासून आहे, त्यामुळे साहेबांना सांगा की यात जगावेगळं काही नाही.

बोलताना एक स्पष्ट ठेवा. संध्याकाळी सेवा द्यायचीच, हे पक्कं. कोण, आठवड्यातले किती दिवस, ८ पर्यंत की ७ पर्यंत, बदली सुट्टी कशी, हे सगळं खुलं. जे खुलं नाही ते खुलं असल्यासारखं दाखवू नका, माणसं ते लगेच ओळखतात. संघटनेला पत्र द्याच पण तेवढ्यावर थांबू नका, कारण खिडकीवर बसणारे ऑपरेटर बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात, ते संघटनेत नसतात आणि पाळीचा भार त्यांच्यावरच पडतो. त्यांना साहेबांसमोर नको, वेगळं बसवून विचारा, शिपाई-वॉचमनलाही.

आणि आदेशातच ट्रायल संपायची तारीख आणि पहिल्या महिन्यानंतर सगळ्यांनी परत बसायची तारीख घाला, म्हणजे तेव्हा जे खटकेल ते बदलता येईल.