राजाचा मग आणि शेजारचे आजोबा

प्रश्न: आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरहून आयर्लंडमधल्या कॉर्कला राहायला आलो. चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकाचा मग आमच्या मुलीने कौतुकाने शेजारच्या आजोबांना दाखवला, तर त्यांनी विषयच बदलला. ऑफिसात आमचे हे म्हणाले, “इंग्रजांनी आम्हालाही लुटलं.” त्यावर उत्तर आलं, “माझी बायको इंग्लंडमधल्या लीड्सची आहे.” आणि शनिवारी हीच मंडळी लिव्हरपूलच्या इंग्लिश फुटबॉल संघासाठी घसा फोडतात! यांना इंग्रज आवडतात की नाही?

उत्तर: ताई, भावकी आठवा. बांधावरून कोर्टात गेलेली दोन घरं लग्नात एका पंगतीला बसतात, आणि बाहेरचा कुणी मध्ये तोंड घालायला गेला की दोघंही त्याच्याचकडे बघतात. तुमच्या यजमानांचं तेच झालं. इथल्या कितीतरी घरांतली आत्या नाहीतर चुलतभाऊ लंडन-मँचेस्टरला असतो. आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना व्हिसाशिवाय इकडून तिकडे जाऊन राहायची, नोकरी करायची मुभा आहे. माणसांशी वैर धरून यांचं चालणार कसं?

राजमुकुटाचं मात्र वेगळं आहे. ब्रिटनशी झालेल्या १९२१च्या तहाने आयर्लंडला स्वतःचं राज्य मिळालं, पण संसदेत बसायचं तर ब्रिटिश राजाशी इमान राखायची शपथ घ्यायची. या तहावरून, आणि त्यातही या शपथेवरून, कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेले लोक १९२२मध्ये एकमेकांवर बंदुका घेऊन उठले. शपथ गेली १९३३ साली, प्रजासत्ताक आलं १९४९ साली. आजोबांच्या आईवडिलांच्या पिढीने हे सगळं पाहिलंय. त्यांनी विषय बदलला तो तुमच्या मुलीवर रागावून नव्हे, उलट तिला जपण्यासाठी, असं मला वाटतं.

त्यात तुम्ही कॉर्कला. डिसेंबर १९२०मध्ये ब्रिटिश दलांनी तुमच्या शहराचा मध्यभाग जाळला. सिटी हॉल आणि ग्रंथालय दोन्ही गेलं. आणि तेव्हा जळालेल्या पॅट्रिक स्ट्रीटपासून चार पावलांवरच्या इंग्लिश मार्केटमध्ये मे २०११ला एलिझाबेथ राणी मासेवाल्याशी हसत उभी होती, बाहेर लोक टाळ्या वाजवत होते. त्याच आठवड्यात डब्लिनला, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढून मेलेल्यांच्या स्मृतिउद्यानात तिने मान झुकवली होती. ती पाहुणी म्हणून आली, म्हणून आगतस्वागत झालं. मालकीण म्हणून कुणालाच नको होती.

तेव्हा जपायचं ते शब्दांना. या बेटांना ‘ब्रिटिश आइल्स’ म्हणू नका, ब्रिटनला ‘मेनलँड’ (मुख्य भूमी) तर मुळीच नको. ‘सदर्न आयर्लंड’ही नको, देशाचं नाव नुसतं आयर्लंड. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला गेलात तर समोरचा आयरिश की ब्रिटिश, हा अंदाज बांधूच नका. १९९८च्या शांतता करारानुसार तिथल्या माणसाला यांपैकी एक किंवा दोन्ही म्हणवून घेता येतं. तिथल्याच एका शहराला डेरी म्हणायचं की लंडनडेरी, हेही आधी त्याच्या तोंडून ऐका, मग तेच म्हणा.

‘आपण समदुःखी’ हे पालुपद यजमानांनी जरा आवरतं घ्यावं. होमरूल हा शब्द आपण आयर्लंडकडून घेतला हे खरं. टिळकांची होमरूल लीग बेळगावात निघाली एप्रिल १९१६मध्ये, आणि ब्रिटिश सत्तेविरुद्धचा डब्लिनचा ईस्टर उठावही त्याच महिन्यातला. हे सांगा, ऐकणाऱ्याला आवडेल. पण जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा कारभार पाहणारा मायकेल ओडवायरही आयरिशच, टिपरेरीचा! साम्राज्याची चाकरी करणारे त्यांच्यातही होते, आपल्यातही होते.

राज्याभिषेकाचा तो मग फेकू नका, घरी खुशाल त्यातून चहा प्या. आणि मुलीला एक काम द्या. इथल्या टपालपेट्या हिरव्या आहेत, पण काही जुन्या पेट्यांवर रंगाखाली व्हिक्टोरिया राणीची किंवा सातव्या एडवर्ड राजाची आद्याक्षरं अजून दिसतात. स्वातंत्र्यानंतर त्या उखडल्या नाहीत, वरून हिरवा रंग दिला. जवळपास अशी पेटी कुठे आहे, ते तिला आजोबांनाच विचारू दे.