रिसीव्हर घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नकोस

आधी स्पीकर ठरव, रिसीव्हर (होम थिएटरच्या स्पीकरना सिग्नल आणि पॉवर पुरवणारा डबा) मग. खोक्यावरचे '150 वॅट' बहुतेकदा एकच चॅनेल (एका स्पीकरची लाइन) चालू ठेवून, 6 ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत अवरोधाचं माप), 1 किलोहर्ट्झच्या एकाच सुरावर मोजलेले असतात, म्हणून आकडा फुगलेला दिसतो. तू 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ (कानाला ऐकू येणारा पूर्ण पट्टा) आणि दोन्ही चॅनेल चालू असतानाचा आकडा शोध. तो 80 च्या आसपास असला तरी फ्लॅटमधल्या हॉलला भरपूर झाला. तेवढी पॉवर वापरण्याआधी शेजारीच बेल वाजवतील! स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला तो किती मोठा आवाज देतो ते) 87 ऐवजी 90 डेसिबल असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. स्पीकरवर खर्च केलेला पैसा जास्त कामाला येतो. स्पीकर 4 ओहमचे असतील तर रिसीव्हरला ते चालतात का, हे मॅन्युअलमध्ये बघ. ॲक्टिव्ह सबवूफरची (खोल बास देणाऱ्या, स्वतःची पॉवर असलेल्या स्पीकरची) चिंता नको, त्याचा ॲम्प्लिफायर त्यातच असतो. आणि रिसीव्हर बंद कपाटात कोंबू नकोस, चांगलाच तापतो.