वाचक विचारतात : वारा वर का उडून जात नाही?

प्रश्न : उंचीवर हवेचा दाब झपाट्याने कमी होतो. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते म्हणतात, मग ती सरळ वर का निघून जात नाही? वारा आडवाच का वाहतो?

उत्तर : समुद्रसपाटीजवळ दर 8 मीटर उंचीला दाब साधारण 1 हेक्टोपास्कलने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरतो. आडव्या दिशेत तेवढाच फरक पडायला बहुधा 100 किलोमीटर जावे लागते. उभ्या दिशेतला जोर असा हजारो पट मोठा आहे, पण हवेलाही वजन आहे. जमिनीलगतची 1 घनमीटर हवा सुमारे 1.2 किलो भरते. वर ढकलणारा दाब आणि खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण एकमेकांना जवळजवळ पूर्ण तोलून धरतात. आडव्या दिशेत असे तोलणारे गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून तिथला अगदी थोडा फरकही हवेला हलवतो.

हा आडवा फरक कसा तयार होतो, हे नीट समजून घ्यायला हवे. ‘गरम हवा वर जाते, थंड हवा तिची जागा घेते’ या नेहमीच्या वाक्यातून मधली पायरी गळते. जमीन तापली की तिच्यावरचा हवेचा स्तंभ फुगतो. नुसत्या फुगण्याने जमिनीवरचा दाब बदलत नाही, कारण डोक्यावरची हवा तेवढीच असते. मात्र वरच्या थरात, त्याच उंचीवरच्या शेजारच्या थंड हवेपेक्षा इथला दाब जास्त होतो. हवा आधी वर, बाहेरच्या दिशेने वाहू लागते. स्तंभातली हवा घटली की मग जमिनीवरचा दाब उतरतो आणि खालून वारा आत येतो. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे याच क्रमाने सुरू होतात.

प्रश्न : मग विषुववृत्तावर तापलेली हवा थेट ध्रुवापर्यंत का पोहोचत नाही?

उत्तर : पृथ्वीच्या फिरण्यामुळे. विषुववृत्तावरची हवा जमिनीसोबत ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. ध्रुवाकडे सरकताना ती पृथ्वीच्या अक्षाच्या जवळ येते आणि जमिनीच्या तुलनेत तिचा वेग वाढतो. काहीच अडथळा नसता तर 30 अंश अक्षांशावर हा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा ताशी 480 किलोमीटरच्या आसपास गेला असता. प्रत्यक्षात हवेतल्या लाटा आणि भोवरे त्याला खूप आधीच मोडतात. उरतो तो जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा.

वाटेत उष्णता गमावलेली हवा 30 अंशांच्या आसपास खाली उतरते. उतरताना दाबली जाऊन ती दर किलोमीटरला सुमारे 10 अंश सेल्सिअसने तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घसरते, ढग विरतात. सहारा आणि कलहारी याच पट्ट्यांत आहेत. खालून विषुववृत्ताकडे परतणारी हवा म्हणजे व्यापारी वारे. या चक्राची मूळ कल्पना इंग्रज अभ्यासक जॉर्ज हॅडली यांनी 1735 मध्ये मांडली.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत प्रत्येक गोलार्धात तीन सारखी चक्रे काढलेली असतात. आमच्या मते त्यातले मधले चक्र वाचकाची दिशाभूल करते. 30 ते 60 अंशांमध्ये उष्णता मुख्यतः फिरती आवर्ते (हवेचे मोठे भोवरे) वाहून नेतात. तिथले चक्र फक्त सरासरी काढल्यावर दिसते, रोजच्या नकाशावर ते सापडणार नाही.

प्रश्न : हवामानाच्या नकाशात वारे समभार रेषांना (सारख्या दाबाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना) समांतर का असतात?

उत्तर : पृथ्वीच्या फिरण्यामुळे जाणवणारे कोरिऑलिस बल वाऱ्याला उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे वळवते. ते दाबाच्या जोराइतके झाले की वारा समभार रेषेच्या दिशेने वाहतो. 45 अंशांवर 100 किलोमीटरला 1 हेक्टोपास्कल फरक असेल, तर वेग सेकंदाला सुमारे 8 मीटर येतो. जमिनीलगत घर्षण वेग कमी करते. वेग घटला की कोरिऑलिस बलही घटते, म्हणून वारा तिरका होऊन कमी दाबाकडे झुकतो. समुद्रावर हा कोन लहान, खडबडीत जमिनीवर मोठा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा : कमी दाब तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असेल. विषुववृत्तावर मात्र हे बल शून्य असते, तिथे हा नियम लावू नये.

प्रश्न : बेसिनमधले पाणी याच बलामुळे गोल फिरते का?

उत्तर : नाही. सेकंदाला 10 सेंटिमीटर वेगाच्या पाण्यावर हे बल त्याच्या वजनाच्या एक दशलक्षांश इतकेच असते. भांड्याचा आकार आणि पाणी भरताना राहिलेली हालचाल त्याहून कितीतरी प्रभावी ठरते. 1962 मध्ये अमेरिकी अभियंते अ‍ॅशर शापिरो यांनी सुमारे 1.8 मीटर रुंद टाकीतले पाणी 24 तास स्थिर ठेवले, तेव्हा कुठे तो परिणाम दिसला.