स्वतःच्या नावापुढचं शून्य

‘अजून किती वर्षं थांबू?’ चित्रपटांचे स्वतंत्र निर्माते माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकांच्या तोंडी हाच प्रश्न असतो. दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका बाईंनीही बसता बसता हेच विचारलं. (त्यांच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय ४४. नावावर दोन चित्रपट आणि एक मालिका. तिसऱ्या चित्रपटाची जुळवाजुळव सहा वर्षं चालली होती. कादंबरीचे हक्क मुदतीच्या करारानं घेतलेले, मुदत दोनदा पैसे भरून वाढवलेली, आणि आता चार महिने उरलेले. मोबाइल मांडीवर पालथा ठेवलेला. दर दोन-तीन मिनिटांनी उलटून बघायच्या, पुन्हा पालथा घालायच्या.

“कोणी नाही म्हणतच नाही हो मॅडम. तोंडावर नाही म्हटलं असतं तर कधीच उठले असते.”

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवातल्या सिनेमार्टनं १९८३ मध्ये पाडलेल्या वाटेवर आता सहनिर्मितीचे बरेच बाजार भरतात, म्हणजे निर्माते आपल्या चित्रपटासाठी भागीदार आणि पैसे शोधायला जातात ते मेळावे. अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटी होतात. ‘पुढचा मसुदा पाठवा’, ‘आधी कोणी आलं की आम्हीही येऊ’ अशी उत्तरं मिळतात. पहिला येईना म्हणून दुसरा थांबतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं की कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस सवय सगळ्यात घट्ट करतं. त्या पालथ्या मोबाइलमागे हेच होतं. बाई स्वतःला मात्र ‘चिवट मनाची नाही’ म्हणून दोष देत होत्या.

पुढच्या भेटीला मी त्यांना चित्रपटाचं अंदाजपत्रक आणायला सांगितलं. अठ्ठावीस पानं होती. कॅमेरामनपासून स्पॉटबॉयपर्यंत प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम. निर्माता या ओळीपुढे शून्य.

“फी नंतर घेणार, नफ्यातून.”

नफा येतो कसा, हे मी त्यांच्याकडूनच समजून घेतलं. आधी वितरकाचं कमिशन, मग त्यानं जाहिरातीवर केलेला खर्च, मग सेल्स एजंटचा, म्हणजे चित्रपट परदेशांत विकून देणाऱ्याचा वाटा, मग कर्ज, मग गुंतवणूकदारांचं मुद्दल आणि ठरलेला परतावा. निर्माती सगळ्यांच्या शेवटी. आधीचे दोन्ही चित्रपट त्यांनी याच बोलीवर केले होते आणि त्यांतून हाती काही आलं नव्हतं. घर मालिकेच्या पगारावर चाललं.

“तुमच्या कॅमेरामनला शून्यावर बोलावलं असतं?” मी विचारलं.

“छे! कामाचे पैसे नकोत का त्याला?” म्हणाल्या, आणि एकदम गप्प झाल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “मी फी मागितली तर चित्रपट अडेल, आणि तो माझ्यामुळे अडेल.” सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर निर्मात्याच्या हातात देतात, तरी घरी सगळे दिग्दर्शकाबद्दलच विचारतात, असंही सांगत होत्या. आपलं काम दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे मागायचीही लाज.

खरी भीती तिसऱ्या भेटीत बाहेर आली. तूट भरून काढायला राहतं घर तारण ठेवायचा विचार होता, आणि नवऱ्याला अजून सांगितलं नव्हतं. इथे मी गुळमुळीत बोलले नाही. हक्कांची मुदत संपेल तीच तुमचीही शेवटची तारीख माना, घर हिशेबात धरू नका, आणि आज घरी गेल्यावर हे नवऱ्याशी बोला, असं सांगितलं. थांबा की सोडा हे मी कुणालाच सांगत नाही. ते माझं कामही नाही. पण आपली किती वर्षं आणि किती पैसे घालायचे, हे आशा शिगेला असताना ठरवता येत नाही. ते आधीच लिहून ठेवावं लागतं.

चार महिन्यांत भांडवल जमलं नाही. हक्क लेखकाकडे परत गेले. त्या दिवशी त्या तासभर रडल्या, आणि मी ते थांबवायची घाई केली नाही. सहा वर्षं सोबत असलेलं माणूस गेल्यासारखंच होतं ते.

आता त्या एका मालिकेचं काम बघतात आणि सोबत एक छोटा चित्रपट जुळवतायत. त्याचं अंदाजपत्रक मागच्या महिन्यात दाखवायला आणलं होतं. निर्मातीच्या ओळीत रक्कम आहे, दिग्दर्शकाच्या फीच्या निम्मी. “एवढीच लिहायचा धीर झाला,” म्हणाल्या. मोबाइल पर्समध्ये होता. दोनदा वाजला, तेव्हा त्यांचा हात पर्सपर्यंत गेला. त्यावर आमचं काम अजून चालू आहे.