डिफेन्सची तारीख शेवटाकडून मोजत या

तुमचा प्रश्न असा आहे: प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अर्धवट आहे, अंतिम प्रत ३० जूनपर्यंत जमा व्हायला हवी, गाइड म्हणतात ‘डिफेन्सची (परीक्षकांसमोर प्रबंध मांडून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याची) तारीख घेऊन टाका’, आणि तीन परीक्षकांपैकी एक परदेशात आहेत. लिखाण संपण्याआधी तारीख मागावी का, आणि तयारी कुठून सुरू करावी? शिवाय तुमच्या मैत्रिणीचा इंटर्नशिपचा डिफेन्स त्याच सुमारास आहे आणि कंपनी आकडे दाखवू देत नाही. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांचे डिफेन्स ऐकतो आहे, सराव घेतो आहे, समितीतही बसतो. त्या अनुभवावरून लिहितो.

तारीख आत्ताच मागा. लिखाण संपल्यावर मागू म्हणणारे विद्यार्थी हुशार असूनही पुढच्या सत्रात ढकलले जातात, कारण तारीख तुमच्या तयारीवर ठरत नाही. ज्या परीक्षकांची डायरी सगळ्यात भरलेली, त्यांच्या सवडीवर ती ठरते.

हिशोब शेवटाकडून करा. अंतिम प्रत ३० जूनला द्यायची आहे. डिफेन्समध्ये परीक्षक दुरुस्त्या सांगणार, हे धरूनच चाला. ‘जसा आहे तसा मान्य’ हा निकाल फार थोड्यांना मिळतो. दुरुस्त्यांना तीन आठवडे आणि त्या तपासून सह्या व्हायला एक आठवडा ठेवा. म्हणजे डिफेन्स उशिरात उशिरा २ जूनला. परीक्षकांना वाचायला चार आठवडे हवेत, म्हणजे प्रत ५ मेच्या आत त्यांच्या हाती. त्याआधी गाइडना पूर्ण मसुदा वाचायला दोन आठवडे, म्हणजे २१ एप्रिल. संदर्भसूची, आकृत्यांचे क्रमांक, साम्यतपासणी (मजकूर इतर लेखनाशी किती जुळतो ते पाहणं) यांत एक आठवडा सहज जातो. तुमचं शेवटचं प्रकरण १४ एप्रिलला संपायला हवं. ही तारीख कॅलेंडरवर लिहिली की ‘अजून एक प्रयोग करून पाहू का’ या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

आठवड्यांचे आकडे तुमच्या विभागाच्या नियमांशी ताडून घ्या. प्रत किती दिवस आधी द्यावी लागते, फॉर्मवर कोणाकोणाच्या सह्या लागतात, एखादा परीक्षक ऑनलाइन असलेला चालतो का, हे कार्यालयात लेखी विचारा. मागच्या बॅचच्या मित्राने सांगितलं म्हणून विसंबू नका, नियम मधल्या काळात बदललेले असू शकतात. डिफेन्सचं स्वरूपही आधी विचारून घ्या. ब्रिटनमध्ये डॉक्टरेटचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, सहसा बंद दाराआड, मोजक्या परीक्षकांसमोर होतो. स्वीडनमध्ये तो जाहीर असतो आणि कोणीही येऊन बसू शकतं. तुमच्याकडे श्रोते असतील तर सादरीकरण त्यांनाही समजायला हवं. फक्त परीक्षक असतील तर त्यांनी प्रबंध वाचलेला आहे, पार्श्वभूमीवर दहा मिनिटं घालवू नका.

परीक्षकांना ‘आपल्याला कधी सोयीचं आहे?’ असं मोघम विचारू नका. त्याचं उत्तर येत नाही, किंवा तिघांची तीन उत्तरं येतात. गाइडशी बोलून चार-पाच पर्याय ठरवा आणि एवढंच लिहा: ‘आदरणीय सर/मॅडम, माझ्या प्रबंधाचा डिफेन्स मेअखेर ते २ जून या दरम्यान घेण्याचा विचार आहे. खालील पाच वेळांपैकी आपल्याला जमणाऱ्या सगळ्या वेळा शुक्रवारपर्यंत कळवाल का? प्रबंधाची प्रत ५ मेपर्यंत आपल्याला पाठवेन. छापील प्रत हवी की पीडीएफ चालेल, तेही कृपया सांगावे.’ ‘जमणाऱ्या सगळ्या वेळा’ हे शब्द गाळू नका, नाहीतर प्रत्येक जण आपल्या आवडीची एकच वेळ कळवतो. उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी पुन्हा नम्रपणे लिहा, तरीही नाही तर गाइडना फोन करायला सांगा. तारीख ठरली की त्याच दिवशी खोली राखून ठेवा आणि डिफेन्सला ठरलेल्या वेळेपेक्षा एक तास जास्त धरा.

परदेशातल्या परीक्षकांना वेळ कळवताना दोन्ही ठिकाणची वेळ लिहा आणि कॅलेंडरचं आमंत्रणही पाठवा. युरोपातल्या बहुतेक देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी. फेब्रुवारीत मनाशी केलेला वेळेचा हिशोब मेमध्ये एक तासाने चुकतो तो यामुळे.

साम्यतपासणीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. टर्निटिनसारख्या प्रणालीत मसुदा टाकताना तो तिच्या संग्रहात साठवला गेला, तर पुढच्या वेळी अंतिम प्रत तुमच्याच जुन्या मसुद्याशी जुळलेली दिसते आणि साम्य भलतंच वाढतं. म्हणून ज्यांच्याकडे खातं आहे त्यांना ‘संग्रहात साठवू नका’ हा पर्याय निवडायला आधीच सांगा. आणि नुसती टक्केवारी बघून घाबरू नका. अहवाल उघडून कुठलं वाक्य कशाशी जुळलंय ते बघा. संदर्भसूची आणि अवतरणं वगळल्यावर जे साम्य उरतं, तेच खरं बघायचं.

आता तयारी. बहुतेक जण स्लाइडपासून सुरुवात करतात. माझं मत अगदी उलट आहे: आधी स्वतःचा प्रबंध परक्या माणसासारखा वाचा. प्रत पाठवल्यावर आठवडाभर त्याकडे बघू नका. मग छापील प्रत घ्या, प्रत्येक पानाच्या समासात ‘या पानावर मी काय म्हणतोय’ ते एका ओळीत लिहा. जिथे ओळ सुचत नाही, तिथेच परीक्षक बोट ठेवणार. प्रत्येक तक्त्यातला आकडा कुठल्या फाइलमधून आला ते लिहून ठेवा. ज्या संदर्भांचा फक्त सारांश वाचून उल्लेख केलाय ते पूर्ण वाचा. ‘या शोधनिबंधात नेमकं काय केलंय?’ हा प्रश्न परीक्षक हमखास विचारतात. परीक्षकांचं अलीकडचं लेखनही वाचा. त्यांची स्तुती करायला नव्हे, तर ते कुठल्या बाजूने विचार करतात ते कळावं म्हणून. वाचताना चुका सापडतील. त्यांचं शुद्धिपत्र करून सोबत न्या आणि सुरुवातीलाच द्या. स्वतःहून दाखवलेल्या चुकीवर समिती क्वचितच अडून बसते.

प्रश्नांमध्ये ‘काय केलं’ यापेक्षा ‘का केलं’ जास्त येतं. हीच पद्धत का, दुसरी का नाही? नमुना एवढाच का? अमुक गृहीतक चुकीचं निघालं तर कुठला निष्कर्ष कोसळतो आणि कुठला टिकतो? तुमच्या कामात नवीन काय, एका वाक्यात सांगा. हे शेवटचं सोपं वाटतं, पण बरेच विद्यार्थी याच प्रश्नावर पाच मिनिटं भरकटतात. ते वाक्य लिहून काढा, मोठ्याने म्हणा, विषय न जाणणाऱ्या एखाद्याला ऐकवा. त्याला कळलं नाही तर पुन्हा लिहा.

स्लाइडचं थोडक्यात सांगतो. वीस मिनिटं असतील तर वीसपेक्षा जास्त नकोत आणि पद्धतीपेक्षा निष्कर्षांना जास्त वेळ द्या. प्रत्येक स्लाइडवर क्रमांक टाका, परीक्षक ‘ती अकरावी पुन्हा दाखवा’ म्हणतात तेव्हा शोधाशोध होत नाही. आभाराच्या स्लाइडनंतर जादा स्लाइड जोडा: गाळलेले तक्ते, सूत्रांची सिद्धता, जास्तीच्या चाचण्या. त्यांची क्रमांकांसह यादी कागदावर ठेवा. पॉवरपॉइंटमध्ये सादरीकरण चालू असताना क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट ती स्लाइड उघडते. पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हवर आणि ईमेलमध्येही ठेवा, दुसऱ्या संगणकावर देवनागरी फॉन्ट आणि समीकरणं हमखास बिघडतात.

सराव उभं राहून, घड्याळ लावून आणि त्याच खोलीत मिळाला तर त्याच खोलीत करा. एकदा आपल्या विषयातल्या लोकांसमोर, एकदा बाहेरच्यांसमोर. प्रश्न विचारणाऱ्यांना सांगा की मध्येच अडवा. शक्य असेल तर दुसऱ्या कोणाचा तरी जाहीर डिफेन्स बसून ऐका, त्याने निम्मी भीती जाते.

प्रत्यक्ष प्रश्न आला की तो लिहून घ्या, दोन क्षण थांबा, न कळल्यास ‘आपल्याला असं म्हणायचंय का?’ असं विचारा. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि ते शोधायला काय करावं लागेल ते सांगा. परीक्षकांना तुमची विचार करण्याची पद्धत बघायची असते. समीक्षा योग्य असेल तर मान्य करा. पण तुमचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असेल तर कारण देऊन त्यावर ठाम राहा. प्रत्येक सूचनेला ‘हो सर, बदलतो’ म्हणणारा विद्यार्थी समितीला नंतर जास्त दुरुस्त्या सुचवायला लावतो.

मैत्रिणीसाठी: इंटर्नशिपच्या डिफेन्समध्ये परीक्षकांना दोन गोष्टी हव्या असतात, तिने स्वतः काय केलं आणि त्यातून काय शिकली. म्हणून ‘आम्ही प्रणाली उभारली’ याऐवजी ‘टीमने प्रणाली उभारली, त्यातला चाचण्यांचा भाग माझा’ असं बोलावं. कंपनीचा इतिहास एका स्लाइडवर पुरे. आकड्यांसाठी तिने कंपनीतल्या सुपरवायझरना आत्ताच स्लाइडचा मसुदा पाठवून लेखी मान्यता घ्यावी. खरे आकडे नको असतील तर टक्केवारी, किंवा सुरुवातीची पातळी १०० धरून तुलना, असे पर्याय तिनेच सुचवावेत. तेही चालत नसेल तर डिफेन्स बंद खोलीत घेता येईल का आणि अहवाल काही काळ गोपनीय ठेवता येईल का, हे विभागाला विचारावं. या परवानग्यांना आठवडे लागतात आणि कंपनीतले लोक नेमके तेव्हाच रजेवर असतात, त्यामुळे हे काम सगळ्यात आधी.

डिफेन्सच्या दिवशी एका मित्राला खोलीत बसायची परवानगी असेल तर त्याला प्रत्येक सूचना पान क्रमांकासह लिहून घ्यायला सांगा. त्या तणावात तुम्हाला निम्म्या आठवणार नाहीत. त्याच संध्याकाळी तीन रकान्यांचा तक्ता करा: परीक्षकांची सूचना, त्यावर केलेला बदल, नवीन पान क्रमांक. शेवटचे दोन रकाने रिकामे ठेवून तो तक्ता गाइडना पाठवा आणि ‘एवढ्याच दुरुस्त्या अपेक्षित आहेत ना?’ याची लेखी खात्री करून घ्या. सह्यांच्या वेळी हाच तक्ता अंतिम प्रतीसोबत द्या, म्हणजे परीक्षकांना प्रबंध पुन्हा पहिल्या पानापासून वाचावा लागत नाही.