‘जेवलात का’ म्हणजे काय विचारायचं असतं

चि. सानूस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस की ह्यूस्टनला ‘बेरिल’ वादळ येऊन गेल्यावर आजी बडोद्यातच दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या घरांना का फोन करत बसली होती, आणि वादळाचं सोडून ‘मुलं जेवली का, काय जेवली’ एवढंच का विचारत होती. प्रश्न चांगला आहे, म्हणून नीट लिहिते.

आपल्याकडे ‘कसे आहात?’ला एकच उत्तर येतं, ‘ठीक आहे’. ‘काही हवंय का?’ म्हटलं की ‘छे, काही नको’. छप्पर उडालं असलं तरी हेच. म्हणून ज्याला ‘ठीक आहे’ म्हणता येणार नाही, असं काहीतरी विचारायचं. इकडे ह्यूस्टनला बऱ्याच घरांत शेगडी विजेवर चालते. जेवणात काल आणि आजही ब्रेड-जॅमच असेल, तर लाइट आलेली नाही हे आजीला न सांगता कळतं.

‘बेरिल’ ८ जुलै २०२४ ला पहाटे चारच्या सुमारास टेक्ससच्या किनाऱ्यावर मॅटागोर्डापाशी आलं. बडोद्यात तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. वारा त्याच दिवशी पुढे गेला, पण २० लाखांहून जास्त वीजजोडण्या बंद पडल्या आणि काही भागांत आठवडा उलटला तरी लाइट नव्हती. खरा त्रास वाऱ्यानंतरचा : जुलैचा उकाडा, पंखा नाही, फ्रिज बंद. दार न उघडता फ्रिज चार तास थंड राहतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. म्हणून दुसऱ्या दिवशी दूध आणि भाजी टाकून दिली का, हे विचारायचं. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते कुठे ठेवलंय, हे तर आधी.

आजी ‘डोकं दुखतंय का?’ असंही विचारते. ते जनरेटरसाठी. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान २० फूट लांब हवा. गॅरेजचं दार उघडं ठेवून आत लावला तरी माणसं दगावतात. डोकं दुखणं, मळमळणं, झोप येणं एकदम घरातल्या दोघा-तिघांना झालं, तर सगळं तसंच टाकून आधी बाहेर पडायचं आणि मग मदतीला फोन करायचा.

आता बडोद्यातल्या घरांना फोन का, ते. त्यांची मुलं इकडे ह्यूस्टनला राहतात, आणि प्रत्येक घराला आपापल्या मुलाचं तेवढं ठाऊक असतं. लाइट सगळीकडे एकदम येत नाही. एका गल्लीत येते, पलीकडची अंधारात राहते. चार-पाच घरांचं ऐकून आजीला कळतं, कुणाकडे लाइट आहे आणि कुणाकडे तान्हं बाळ आहे. मग ज्यांच्याकडे लाइट आहे त्यांच्या आईला ती सांगते, ‘तुमच्या मुलाला म्हणावं, त्यांना आज रात्री झोपायलाच बोलाव.’ बडोद्याहून डबा पोचवता येत नाही, पण निरोप पोचवता येतो. शिवाय तिकडे काळजीत बसलेल्या आई-वडिलांचीही विचारपूस होते, आणि मला वाटतं अर्धा फोन त्यांच्यासाठीच असतो.

इकडे थेट बोलायचं असेल तर आधी मेसेज कर. टॉवरवर ताण असताना फोन लागत नाही, मेसेज बहुतेक वेळा जातो. बोलणं तीन मिनिटांत आटप, समोरच्याची बॅटरी संपत असते. एका घरातून एकानेच करावा. उन्हाळ्यात इकडचं घड्याळ साडेदहा तास मागे, म्हणजे तुझे संध्याकाळचे सात ते आमचे सकाळचे साडेआठ.

बडोद्याच्या पुरालाही हीच रीत, वेळ मात्र वेगळी. पाऊस थांबला की लोक निर्धास्त होतात, पण पावागडकडचं आणि आजवा तलावाचं पाणी विश्वामित्री नदीला मागाहून येतं. धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ च्या वर गेलं होतं. म्हणून पाऊस थांबल्यावर एक फोन, दुसऱ्या दिवशी आणखी एक. ‘पाणी आलं का?’ नको, ‘कितव्या पायरीवर आहे?’ असं विचार. ओसरल्यावरही मुलांना लगेच अंगणात सोडू नका म्हणावं, पाण्याबरोबर मगरी येतात. द्यायला दशम्या आणि कोरडी चटणी कर. ओलं खोबरं घातलेलं काही नको, फ्रिजशिवाय दुपारपर्यंत विटतं.

आठव्या दिवशीचा फोन बहुतेक जण विसरतात. तोवर सगळे कामाला लागलेले असतात, आणि ज्याच्या गाद्या अजून ओल्या आहेत तो एकटा पडतो. आजीच्या फोनच्या वहीत प्रत्येक नावापुढे तीन खुणांची जागा आखून दे : पहिला दिवस, तिसरा, आठवा. तिला बारीक अक्षर दिसत नाही, मोठं लिही.

तुझी आई