वाचकांचे प्रश्न : घर स्मार्ट झाले, पण कारभार कोणाच्या हाती?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये कॅमेरे, मोबाइलवरून होणारे पैशांचे व्यवहार आणि घरातले रुसवेफुगवे यांची अशी सरमिसळ झालेली आहे की, तांत्रिक प्रश्न कोठे संपतो आणि घरगुती प्रश्न कोठे सुरू होतो हे ठरवणे अवघड व्हावे. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी ७२ वर्षांचा निवृत्त सरकारी नोकर असून पत्नीसह कोथरूडमध्ये राहतो. मुलगा बेंगळुरूला असतो. गेल्या दिवाळीत त्याने दिवाणखान्यात कॅमेरा आणि दाराला स्मार्ट बेल बसवून दिली. विजेचे आणि इंटरनेटचे बिलही आता परस्पर त्याच्याच खात्यातून जाते. हेतू चांगला आहे हे मला कळते. पण दुपारी वामकुक्षी घेतानासुद्धा कोणीतरी पाहत आहे असे वाटत राहते, आणि आयुष्यभर स्वतःची बिले स्वतः भरून पावत्या फायलीत लावणाऱ्या मला आता ती फाइल उघडण्याचे कारणच उरलेले नाही. पत्नी म्हणते, ‘अहो, पोरगा काळजीपोटी करतोय, तुम्हाला त्याचं एवढं काय?’ मुलाचे मन न दुखावता हे कसे थांबवावे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या, तर मुलाशी बोलणे सोपे जाईल.

आधी कॅमेऱ्याचे पाहू. आईवडिलांपैकी कोणी पडले तर वेळेवर कळावे, असा मुलाचा हेतू असेल, तर दिवाणखान्यातला कॅमेरा त्या कामी फारसा उपयोगी नाही. उतारवयात पाय घसरतो तो बहुधा न्हाणीघरात किंवा रात्री अंधारात उठताना, आणि तेथे कॅमेरा लावणे कोणालाच रुचणार नाही. शिवाय कामाच्या बैठकीत बसलेला मुलगा काही दिवसभर कोथरूडचा दिवाणखाना पाहत नसतो. त्यापेक्षा न्हाणीघरात पकडायला भक्कम दांडा, पलंगापासून तेथपर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, शेजारच्या विश्वासू कुटुंबाकडे लॅचची एक किल्ली आणि सकाळी ठरलेल्या वेळी एक फोन, एवढी व्यवस्था अधिक कामाची ठरते. पडल्याचे ओळखून ठरवलेल्या क्रमांकावर फोन लावणारी मनगटी घड्याळेही मिळतात. मात्र ती आठवणीने चार्ज करावी लागतात, आणि नेमके न्हाणीघरात जातानाच माणसे घड्याळ काढून ठेवतात, हे लक्षात घेऊनच त्यावर खर्च करावा.

बेल मात्र राहू द्यावी. दार न उघडता बाहेर कोण आहे हे पाहता येणे दोघेच राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी खरोखर सोयीचे आहे. तिचा कॅमेरा समोरच्या बिऱ्हाडाच्या दारात डोकावत नाही ना, एवढे तपासून घ्यावे.

दिवाणखान्यातला कॅमेरा काढायला पत्नीची तयारी नसेल, तर त्यांचेही ऐकायला हवे. मुलगा पाहतो आहे या जाणिवेने त्यांना धीर येत असण्याची शक्यता आहे आणि ते घर त्यांचेही आहे. अशा वेळी कॅमेऱ्याचे तोंड बैठकीकडून प्रवेशदाराकडे वळवावे आणि आपण घरी असताना तो बंद ठेवावा. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ॲपमधील मुख्य खाते कोणाचे आहे हे पाहणे. ज्याचे मुख्य खाते, त्याच्या हाती चित्रण साठवणे, पुसणे आणि इतरांना दाखवणे असते. ते खाते आपल्या नावावर आणि आपल्या मोबाइल क्रमांकावर असावे आणि त्यात मुलाला पाहण्याची परवानगी आपण द्यावी, उलट नव्हे. पासवर्ड कंपनीने दिलेलाच राहिला असेल तर तो आजच बदलावा. या कॅमेऱ्यांना बहुधा मायक्रोफोनही असतो, ही गोष्ट घरोघरी विसरली जाते. हळदीकुंकवाला किंवा भिशीला आलेल्या बायकांचे बोलणे त्यांच्या नकळत बेंगळुरूपर्यंत जावे, हे पत्नीलाही पटणार नाही.

आता बिलांचे. येथे मी पूर्णपणे आपल्या बाजूचा आहे. ऐपत असताना आपल्या घराची वीज दुसऱ्याने भरावी याचे ओझे वाटणे हा हट्ट नव्हे. मुलाने व्यवस्था लावून द्यावी, पैसे मात्र आपल्या पेन्शनच्या खात्यातून जावेत. यूपीआयवरील ऑटोपेमध्ये, म्हणजे ठरलेली बिले आपोआप भरण्याच्या सोयीत, जास्तीत जास्त किती रक्कम जाऊ द्यायची ती मर्यादा आपण घालू शकतो, पैसे वळते होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते, आणि दिलेली परवानगी केव्हाही रद्द करता येते. अशा नियमित बिलांसाठी १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी पिन टाकावा लागत नाही. म्हणूनच मर्यादा नेहमीच्या बिलापेक्षा थोडीच वर ठेवावी. महावितरणच्या ‘गो-ग्रीन’ योजनेत ई-मेलवर बिल घेतल्यास प्रत्येक बिलामागे १० रुपयांची सवलत मिळते. रक्कम पाहून हसू नये; वर्षाचे १२० रुपये होतात आणि कोथरूडमध्ये १२० रुपयांना अजून किंमत आहे. मात्र त्यात कागदी बिल बंद होते, तेव्हा फायलीसाठी ते छापून घ्यावे लागेल. फाइल सोडू नये असे माझे मत आहे, कारण दर महिन्याचे युनिट ओळीने लिहिलेले असले की बिघडलेला फ्रिज किंवा वाढलेले बिल लगेच ध्यानात येते, आणि हे काम ऑटोपे करत नाही.

मुलाशी बोलताना ‘हे बंद कर’ असे न म्हणता ‘हे माझ्या नावावर करून दे आणि मला शिकव’ असे म्हणावे. त्याने दिलेले आपण परत करत नाही, आणखी काही मागत आहोत, असे त्याला वाटेल. आणि ते खरेच आहे.

प्रश्न : गीझरला स्मार्ट प्लग (फोनवरून चालू-बंद करता येणारा) लावला तर त्याचा खर्च निम्मा होतो, असे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर आले आहे. हे खरे का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.६ युनिट वीज लागते, मग बटण हाताने दाबा किंवा फोनवरून. २,००० वॉटचा गीझर हे काम १८ ते २० मिनिटांत करतो आणि थर्मोस्टॅट त्याला आपोआप थांबवतो. त्यानंतर तो चालू राहिला तर टाकीतून निसटणाऱ्या उष्णतेपुरतीच वीज जाते. आपल्याकडे गीझर दिवसभर चालू राहत असेल तर प्लगने थोडी बचत होईल. वेळेवर बंद करण्याची सवय असेल तर काहीच होणार नाही. घ्यायचाच झाला तर १६ अँपिअरचाच घ्यावा. २,००० वॉटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो आणि १० अँपिअरचा हलका प्लग त्या भाराने तापू शकतो.

बचतच करायची असेल तर डोक्यावर पाहावे. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, कमी वीज घेणाऱ्या मोटारीचा नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज १५ तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. रात्रंदिवस लुकलुकणारा १० वॉटचा सेट-टॉप बॉक्स महिन्याला ७ युनिट खातो, त्याचे बटण भिंतीवरून बंद करणे फुकट आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांनंतर पुढच्या युनिटांचा दर चढतो, तेव्हा या उंबरठ्यांच्या आसपास असणाऱ्या घरांना हे युनिट अधिक जाणवतात.

प्रश्न : आम्ही दोघे हिंजवडीत नोकरी करतो आणि वाकडला राहतो. पगार दोन असूनही २० तारखेनंतर दोघांच्याही खात्यांत फारसे काही उरत नाही. घराचा हप्ता ठाऊक आहे. बाकीचे कोठे जाते ते कळत नाही. गेल्या वर्षभरात रोबो व्हॅक्यूम क्लीनर, दोन स्मार्ट घड्याळे आणि मोठा टीव्ही अशा वस्तू हप्त्यांवर आल्या. खर्चाची नोंद ठेवणारे ॲप घेऊ या म्हटले, तर नवरा म्हणतो, ‘हिशेब मागतेस म्हणजे विश्वास नाही.’ माझी आई वेगवेगळ्या पाकिटांत पैसे घालून ती कपाटात ठेवायची आणि तिला कधी कमी पडले नाहीत. कोणते ॲप चांगले?
— एक वाचिका, वाकड

उत्तर : तूर्त कोणतेच नाही. आईला कधी कमी पडले नाहीत, हे मात्र एकदा आईलाच विचारून पाहावे. त्या पिढीतल्या बायका ओढाताण मुलांना कळू देत नसत. पाकिटांचा खरा गुण हा होता की, किराण्याचे पाकीट पातळ झाले की महिना संपण्याआधीच हाताला कळे. फोनवर किराणा, हप्ता, हौस आणि आजारपण हे सगळे एकाच शिलकीच्या आकड्यात असते, आणि तो आकडा कशासाठी राखलेला आहे हे काही सांगत नाही.

एका रविवारी दोघांनी आपापले फोन घेऊन बसावे. प्रथम यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादी उघडावी. न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या, चाचणीपुरती घेतलेली आणि नंतर विसरलेली ॲपे, सोडलेली जिम, हे सगळे तेथे सापडते. मग बँकेचे विवरण पाहावे, पण तेवढ्यावर थांबू नये. यूपीआय लाइट, म्हणजे पिनशिवाय छोटे खर्च करण्यासाठी आधी पैसे भरून ठेवायची सोय, वापरत असाल तर पासबुकात फक्त त्यात भरलेली रक्कम दिसते. रिक्षा, कॉफी, संध्याकाळचे खाणे असे एकेक खर्च दिसत नाहीत. ते ॲपमधील व्यवहारांच्या इतिहासातच पाहावे लागतात. ‘कळत नाही कोठे जाते’ असे वाटण्यामागे हे एक साधे कारण असू शकते.

हप्त्यांचा कागदही काढावा. ‘नो कॉस्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हप्त्यात व्याज असतेच. विक्रेता तेवढी सूट दाखवून ते झाकतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याज ही कल्पना खरी नसल्याचे बँकांना सुनावले होते. हप्ता क्रेडिट कार्डावरचा असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ग्राहकाला भरावा लागतो, वर अनेकदा प्रक्रिया शुल्क असते, आणि रोखीने घेतल्यास मिळू शकणारी सूटही हातची जाते. व्याजाचा भाग ४,००० रुपये धरला तर केवळ कर ७२० रुपये होतो. रक्कम मोठी नाही. पण वस्तू फुकटात उधार मिळाली या समजुतीने पुढची वस्तू घरात येते, आणि रोबो फिरत असतानाही केर काढायला मावशी लागतातच.

आता नवऱ्याच्या म्हणण्याकडे. हिशेब एकाने मागायचा आणि दुसऱ्याने द्यायचा असा असेल, तर त्यांचे वाईट वाटणे समजण्यासारखे आहे. वरच्या बैठकीत आपलाही फोन त्याच टेबलावर उघडा असावा तो याचसाठी. घरखर्चासाठी दोघांच्या नावाचे एक संयुक्त खाते उघडून पगार झाल्याबरोबर ठरलेली रक्कम त्यात टाकावी आणि किराणा, वीज, मावशींचा पगार एवढे त्यातूनच द्यावे. आईच्या पाकिटाला आज एवढाच पर्याय आहे. शिवाय प्रत्येकाने महिन्याला काही रक्कम अशी ठेवावी की जिचा जाब कोणी कोणाला विचारणार नाही, आणि पगार कमीजास्त असले तरी ती दोघांना सारखी असावी. माझ्या मते हिशेबापेक्षा ही मोकळीक ठरवून घेणेच अधिक गरजेचे आहे.

हे जमल्यावर ॲप हवेसे वाटले तर घ्यावे, पण ते कोणकोणत्या परवानग्या मागते ते वाचावे. फोनमधील सगळे एसएमएस वाचणाऱ्या फुकट ॲपला आपल्या तंगीची तारीख कळते, आणि कर्जाच्या जाहिराती नेमक्या तेव्हाच येऊ लागतात. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या अकाउंट ॲग्रिगेटरमार्फत, म्हणजे आपल्या संमतीने खात्यांची माहिती पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत, माहिती देण्याची पद्धत त्यापेक्षा बरी. त्यात कोणती माहिती, कशासाठी आणि किती काळ द्यायची हे आधी दिसते आणि संमती मागे घेता येते. बसलाच आहात तर दोघांच्या खात्यांना वारसदाराचे नामांकन आहे का, तेही पाहून टाकावे.

प्रश्न : माझ्या १३ वर्षांच्या मुलाने माझ्या फोनवरून मोबाइल गेममध्ये १,८०० रुपयांची खरेदी केली. पिन त्याला पाहून पाहून पाठ झाला होता. आता तो म्हणतो, ‘आजी भाऊबीजेला देते ते पैसेही नोटांऐवजी माझ्याच फोनवर द्या.’ काय करावे?
— एक वाचिका, धायरी

उत्तर : पिन आज बदलावा, ॲप स्टोअरला जोडलेले कार्ड किंवा यूपीआय काढून टाकावे आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय करावी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली असली, तरी गेममधील पोशाख किंवा हत्यारे विकत घेणे त्यात मोडत नाही. त्यामुळे कायदा आपल्या वतीने राखण करेल अशी अपेक्षा ठेवू नये.

त्याची मागणी अगदीच उडवून लावण्यासारखी नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ मधील निर्देशांनुसार १० वर्षांवरील मुलांना स्वतःचे बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना आहे; रकमेची मर्यादा बँक ठरवते आणि शिल्लक असेल तेवढेच वापरता येते. असे खाते उघडायला त्याला बँकेत सोबत न्यावे, फॉर्म त्यालाच भरू द्यावा. फोनवरून पैसे देण्याची सोय मात्र वर्षभर तरी घेऊ नये. आजीच्या नोटा नोटाच राहू द्याव्यात. त्या त्याने हातात घेऊन मोजाव्यात आणि हव्या तर स्वतः खात्यात भराव्यात.

१,८०० रुपयांपैकी काही भाग त्याच्या खाऊच्या पैशांतून वळता करावा, सगळा नको, कारण पिन त्याच्यासमोर टाकणारे आपणच आहात. मुलाने परवानगीवाचून केलेल्या खरेदीचा परतावा स्टोअरकडे मागता येतो, पण त्याला मुदत असते. तो अर्ज हा अंक खाली ठेवण्यापूर्वी करावा.